मंदीत हमी कोणाला?

२०२० च्या टाळेबंदीत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जीन्सच्या कारखान्यांतले कारागीर, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, नाक्यावरचे बिगारी आणि धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मायबहिणी घरी बसल्या. केंद्राने मोफत धान्य दिले. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकाम कामगार व घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, पण फक्त 'नोंदणीकृत' असलेल्यांना! ज्याची नोंद नाही त्याला भूक नाही काय?

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत चारपैकी एक कामगार बेकार झाला. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांची भिस्त धर्मादाय मदतीवर होती. त्यांच्यानंतर आलेल्या रूझवेल्ट यांनी सरकारी खर्चाने काम काढले. १९३५ ते १९४३ या काळात एकाच योजनेतून सुमारे ८५ लाख लोकांना रोजगार मिळाला. मात्र १९३५ च्याच सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय कामगार नेमके याच दोन कामांत होते. जातीचे नाव न घेता माणूस कसा वगळतात, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

आता आपल्याकडे पाहू. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर राबली. १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क झाला. त्यासाठी पैसा आला १९७५ च्या व्यवसाय करातून, म्हणजे मुख्यतः शहरी पगारदाराच्या खिशातून. अंबरनाथच्या कामगाराचा कर कापला गेला, पण कारखाना बंद पडला तेव्हा त्याला हमी नव्हती. कारण हमी मुख्यतः ग्रामीण भागासाठी! केंद्राचा २००५ चा कायदाही ग्रामीणच होता. गावच्या मजुराला मिळालेला हक्क योग्यच आहे. पण पोटासाठी तोच मजूर बदलापूरला आला की हक्क वाटेतच गळतो, हा कोणता न्याय?

शहरात कामे नाहीत असे नाही. नगरपालिकेच्या शाळा, वाचनालये, वालधुनीचे काठ, सगळेच दुरुस्तीची वाट पाहत आहे. मात्र शहरी हमी म्हणजे आमच्या माणसांच्या हाती पुन्हा झाडू आणि गटार, असे होता कामा नये. पैसा नाही, हेही आम्हाला सांगू नये. फाळणीनंतर निर्वासितांसाठी लष्करी छावणीचे उल्हासनगर याच देशाच्या सरकारने केले. तेव्हा देश आजच्यापेक्षा गरीब होता.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आहे, पण राज्याच्या 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. कलम ३७ मुळे त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, हे वकील म्हणून आम्ही जाणतो. परंतु ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत बजावले होते की, ही तत्त्वे डावलणाऱ्याला न्यायालयात नसले तरी मतदारांपुढे उत्तर द्यावेच लागेल.

तेव्हा मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला वस्तीवस्तीत एकच प्रश्न विचारा: शहरी रोजगार हमीचा कायदा कधी करता? आणि त्यात 'नोंदणीकृत' हा शब्द घालून आम्हाला पुन्हा वगळणार तर नाही ना?