कार्ड आहे, औषध नाही. ऊन आहे, छप्पर नाही

३ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून दोन गोष्टींवरचा कर उतरला. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के कर होता, तो शून्य झाला. सौर पॅनलवर १२ टक्के होता, तो ५ झाला. सत्ताधाऱ्यांनी याला दिवाळीची भेट म्हटलं. विरोधकांनी विचारलं, मग इतकी वर्षं वसूल केलं त्याचं काय? हप्त्यावरचा कर काढा असं नितीन गडकरींनी जुलै २०२४ मध्येच अर्थमंत्र्यांना पत्र लिहून सांगितलं होतं, तेही पुन्हा बाहेर काढलं गेलं. काही दिवस चॅनेलवर गदारोळ झाला आणि विषय संपला.

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. कोकणीपुऱ्यात, वडाळागावात, दूध बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत किती घरांनी स्वतःच्या पैशाने विमा पॉलिसी घेतली आहे? आणि किती घरांना स्वतःच्या नावावर गच्ची आहे?

वर्षाला २० हजारांचा हप्ता भरणाऱ्याचे ३,६०० रुपये वाचले, चांगलं झालं. ज्याच्याकडे पॉलिसीच नाही त्याचं काय वाचलं? त्याच बैठकीत बहुतेक औषधांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, हेही खरं. पण महिन्याला १,५०० रुपयांची औषधं घेणाऱ्या माणसाला त्याचा फायदा नव्वद-पंच्याण्णव रुपये. तेवढ्यात रिक्षाचं जाणं-येणंही होत नाही.

माझं म्हणणं असं आहे. सरकारने, मग ते कोणत्याही पक्षाचं असो, दवाखाना आणि वीज या गोष्टी स्वतः नीट देण्याऐवजी त्यांची कुपनं वाटायला सुरुवात केली आहे. कुपन वटवायला आधी घरात काहीतरी असावं लागतं. पॉलिसी असेल तर करसवलत, गच्ची असेल तर पॅनल, मोठा आजार असेल तर कार्ड. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो फक्त टाळ्या वाजवायला शिल्लक राहतो.

आधी दवाखान्याचं पाहू. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजनेत घेण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला, २०२४ पासून तो लागू झाला. या योजनेने लोकांचे जीव वाचवले आहेत. हृदयात स्टेंट बसलेले, डायलिसिसवर दिवस काढणारे लोक प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून कुणी योजना फालतू आहे म्हणू नये, मीही म्हणत नाही.

पण कार्ड कधी चालतं ते समजून घ्या. रुग्णालय योजनेत अंगीकृत असलं पाहिजे. आजार ठरवून दिलेल्या यादीत असला पाहिजे. रुग्ण दाखल झाला पाहिजे आणि पूर्वपरवानगी आली पाहिजे. आपल्या घरांत पैसा जातो तो कुठे? शुगर, बीपी, दमा, थायरॉइड यांच्या गोळ्यांत. रक्ताच्या तपासण्यांत. तीनशे-चारशे रुपये फी घेणाऱ्या डॉक्टरकडच्या फेऱ्यांत. महिन्याचे १,५०० म्हणजे वर्षाचे १८,०००, दहा वर्षांत १ लाख ८० हजार. त्यातला एक रुपयाही कार्डावर येत नाही. मग गोळ्या अर्ध्या होतात, काही महिने बंद होतात, आणि एक दिवस अर्धांगवायू किंवा किडनी निकामी. त्या दिवशी मात्र कार्ड चालतं. म्हणजे माणूस पुरता मोडेपर्यंत थांबायचं आणि मग पाच लाखांची दारं उघडायची!

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे पालक मुलांच्या वह्यांबरोबर लाईटबिल, कार्ड, दवाखान्याचे कागद घेऊन येतात. "सर, कार्ड तर केलं, मग औषधाचे पैसे का घेतात?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तर आता पाठ झालं आहे. एका बाईंना योजनेत असलेल्या एका खासगी रुग्णालयाने आधी अनामत भरायला लावली, योजनेचं नंतर बघू म्हणाले. आरोग्यमित्राचं टेबल होतं, माणूस जेवायला गेला होता. त्यांनी सोन्याचे कानातले ठेवून पैसे आणले. पाच लाखांचं संरक्षण होतं, पण ते काउंटरच्या पलीकडे होतं.

आणि कागदावर तरी सगळं ठीक आहे का? कॅगने ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारतवर अहवाल दिला. त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले आढळले. दहा वेळा नऊचा आकडा, हा तो नंबर.

नाशिककरांना तरी आणखी पुरावा लागू नये. २१ एप्रिल २०२१ ला आपल्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं म्हणून ते गेले नाहीत. टाकी, नळी, देखभाल, प्रशिक्षित माणूस या गोष्टी कोणत्याही विम्यातून येत नाहीत. त्या सार्वजनिक दवाखान्यावर पैसा खर्च केला तरच येतात. ज्या शहरात राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, त्या शहराला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासाठी २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली, हेही लक्षात ठेवा.

इथे आपल्याच लोकांशी दोन शब्द. आपल्यात विम्याचा विषय निघाला की चर्चा हलाल-हरामवर जाते आणि तिथेच थांबते. तो प्रश्न खोटा नाही. १९८५ मध्ये जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने व्यावसायिक विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्याची पद्धत मान्य केली. ज्यांना पॉलिसी घ्यायची आहे त्यांनी आलिमांना विचारावं, मी मुफ्ती नाही. पण सरकारी योजनेत हप्ता तुम्ही भरत नाही, तो तुमच्या-माझ्या करातून जातो. साखरेच्या पुड्यावर, साबणावर कर भरताना आपण फतवा विचारत नाही. मग त्याच पैशातून मिळणारा उपचार मागताना संकोच कसला?

आणि जकातीचं काय चाललं आहे ते बघा. रमजानमध्ये मशिदीच्या दारात, व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर दवाखान्याच्या बिलांची अपील असतात. ऑपरेशन योजनेत झालं, पण आधीचे एमआरआय, बाहेरून आणलेली इंजेक्शनं, नंतरची औषधं यासाठी जकात गोळा होते. जकात हा गरिबाचा हक्क आहे. सरकारच्या अर्धवट योजनेला ठिगळ लावण्यासाठी ती फर्ज झालेली नाही. आपण दरवर्षी इमानाने हे ठिगळ लावतो आणि म्हणूनच भोक कुणाला दिसत नाही.

आता विजेकडे या. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाली. खर्च ७५ हजार २१ कोटी, लक्ष्य एक कोटी घरं, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. महाराष्ट्राने त्यात भर घालून महिन्याला १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी 'स्मार्ट' योजना आणली. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॅटसाठी केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे १७ हजार ५०० मिळतात. गरिबाचा विचार झाला, हे मान्य करायला हवं.

पण जुन्या नाशकातल्या वाड्यात जाऊन पाहा. एक मीटर, तोही मालकाच्या नावावर. खाली तीन बिऱ्हाडं. प्रत्येकाचा वापर ८० युनिट. सरकारच्या हिशोबाने तिघंही गरीब. पण मीटरवर आकडा पडतो २४०. दर युनिटचा टप्पा वरचा लागतो. 'शंभरच्या आत' ही अट तिथेच तुटते. आणि मालक सबमीटरवर आपल्या मनाचा दर लावतो तो वेगळाच. पॅनल बसवायला छप्पर कुणाचं? मालकाचं. पत्रा गळतो तोच तो दुरुस्त करत नाही, त्यावर पॅनल कोण बसवणार? एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख आणि धूर नाशिकने पन्नासहून जास्त वर्षं सोसला, तेव्हा कुणी घराचा उतारा मागितला नव्हता. उन्हाला मात्र उतारा लागतो.

जून २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की वीजदर पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के कमी होतील. कारण शेतीसाठीची सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळते आहे. सौर वीज स्वस्त आहे, यात वाद नाही. पण तुमचं बिल हातात घ्या आणि ओळी वाचा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन शुल्क आणि वर १६ टक्के विद्युत शुल्क. दर उतरला तरी या ओळी राहतात. पंखा कमी फिरवला तरी स्थिर आकार कमी होत नाही.

त्यात आणखी एक भांडण चालू आहे. वीज कंपन्या म्हणतात, बंगलेवाले पॅनल लावून बिल शून्य करतात, तारा-खांबांचा खर्च मग बाकीच्यांवर पडतो. बंगलेवाले म्हणतात, आम्ही स्वतःचे पैसे घातले, आमच्या युनिटचा पूर्ण मोबदला द्या. दोघांचंही काही अंशी खरं आहे. पण या 'बाकीच्यांना' सुनावणीत कोण बोलावतं? वीज नियामक आयोगासमोर हरकती नोंदवता येतात. उद्योजकांच्या संघटना नोंदवतात, सौर व्यावसायिक नोंदवतात. भाडेकरूंची हरकत मी तरी वाचलेली नाही.

हे दोन्ही प्रश्न एकाच छपराखाली बघायचे असतील तर मालेगावला जा. लाखांहून अधिक यंत्रमाग तिथे चालतात, बारा-बारा तासांच्या पाळीत. राज्य सरकार यंत्रमागाच्या विजेला सवलत देतं. ती द्यायलाच हवी, नाहीतर धंदा बसेल. पण सवलत येते मालकाच्या मीटरवर. मागावर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या हातात त्यातलं काय येतं हे कुणी मोजत नाही. आता त्याच मजुराचा विमा बघा. ईएसआय लागू व्हायला एका ठिकाणी दहा कामगार लागतात. मालेगावचे छोटे कारखाने चार-सहा माणसांवर चालतात, म्हणून बहुतेक मजूर त्याच्या बाहेर. सुताची धूळ छातीत जाते, आवाजाने कान जातात. ईएसआय असती तर बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, आजारपणाच्या दिवसांचा भत्ता, सगळं मिळालं असतं. त्याऐवजी हाती आहे पाच लाखांचं कार्ड, जे खोकल्यावर चालत नाही.

"मग पैसा कुठून आणणार? तुम्हाला सगळंच फुकट हवं," असं कुणीतरी म्हणेल, आणि 'तुम्हाला' या शब्दावर जोर देऊन म्हणेल. पहिली गोष्ट, आकडा माझा नाही. २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, हे केंद्र सरकारच्याच २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. दुसरी गोष्ट, ही मुसलमानांची मागणी नाही. सिडकोतला कंत्राटी कामगार, पंचवटीतला भाडेकरू, सुरगाण्याहून सिव्हिलला येणारा आदिवासी, सगळे याच रांगेत आहेत. तिसरी गोष्ट, चांगला नमुना याच राज्यात आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. तिथे कार्डही लागत नाही आणि पूर्वपरवानगीही. तेच महापालिकेच्या दवाखान्यांत करा आणि कपाटात औषधं ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून मागायचं काय, तेही स्पष्ट लिहितो. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात शुगर, बीपी, दम्याची औषधं बाराही महिने मिळावीत आणि शिल्लक साठ्याची यादी दारावर मराठीत आणि उर्दूत लावावी. योजनेतल्या रुग्णालयाने रुग्णाला नकार दिला तर कारण लेखी द्यावं. महापालिकेच्या शाळा, दवाखाने, सभागृहांच्या छपरांवर सामायिक सौर प्रकल्प करून त्याचे युनिट छप्पर नसलेल्या कुटुंबांच्या बिलात वळते करावेत. दिल्लीत २०१९ पासून अशा पद्धतीचे नियम आहेत, नाशिकमध्ये ऊन काही कमी नाही. आणि भाडेकरूला स्वतःचं मीटर. वीज कायदा २००३ चं कलम ४३ 'मालक किंवा भोगवटादार' असं म्हणतं. भोगवटादार म्हणजे तुम्ही. अर्ज करा.

आपल्या पुढाऱ्यांना कार्डवाटपाची शिबिरं फार आवडतात. मंडप, बॅनर, फोटो. कार्ड जरूर काढा, ते आपलं आहे. पण पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आला की एका हातात लाईटबिल आणि दुसऱ्या हातात मेडिकलच्या दुकानाची पावती घेऊन उभे राहा. बिलातल्या कोणत्या ओळीवर तो सभागृहात बोलला, आणि पावतीवरची कोणती गोळी त्याच्या वॉर्डाच्या दवाखान्यात मिळते, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही, तर चहा द्या आणि दार लावून घ्या.