खाटेवरचे सहा महिने

रस्त्यावरील अपघातात पाठीचा कणा मोडलेला माणूस कित्येक महिने खाटेला खिळून असतो. आणि नेमक्या त्याच अवधीत त्याने भरपाईचा दावा गुदरावा, अशी आपल्या कायद्याची अपेक्षा आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मुदत एप्रिल २०२२ पासून अमलात आली. त्यापूर्वी, १९९४ पासून, अशी मुदतच नव्हती! या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे खरे. पण त्या भरवशावर घरच्यांनी थांबू नये. दावा आपण राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही दाखल करता येतो.

तडजोडीची घाई तर मुळीच नको. अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्का म्हणजे कमाईच्या हानीचा टक्का नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. कमरेखाली लुळा पडलेला गवंडी आणि तसाच लेखनिक यांची हानी सारखी कशी असेल? २०२० मध्ये याच न्यायालयाने अपघाताने जन्मभर परावलंबी झालेल्या एका मुलीच्या दोन परिचारकांपोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. आपल्याकडे हे काम आई किंवा पत्नी करते, आणि तिच्या श्रमाचा आकडा दाव्यात बहुधा कोणी लिहीतच नाही.