वस्तू कुणाच्या हातासाठी, चित्र कुणाच्या डोळ्यांसाठी?

'डिझाइन' म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकींना साडीचा काठ नाहीतर ब्लाऊजचा गळा आठवतो. शहरात हा शब्द वेगळ्या अर्थानं चालतो. तिथे त्याची महाविद्यालयं आहेत, प्रदर्शनं भरतात, पारितोषिकं दिली जातात. घडी घालून पिशवीत मावणारी खुर्ची, बोट लावताच उजळणारा दिवा, चार रेषांत सगळं सांगून जाणारं पोस्टर. यातलं बरंच काम खरोखर देखणं असतं आणि ते सुचायला डोकं लागतं. आपल्या संघटनांमध्ये मात्र या सगळ्याकडे श्रीमंतांचे चोचले म्हणून पाठ फिरवायची पद्धत आहे. मारहाण, जमीन, रेशन हे प्रश्न समोर असताना वस्तूंच्या आकाराची चर्चा कोण करत बसणार?

ही पद्धत आपल्याला महागात पडली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अवजार कसं असावं, गाडी किती उंच असावी, भिंतीवर कोणतं चित्र रंगवावं, हे कुणीतरी ठरवतच असतं. ते ठरतं तेव्हाच बाईचे कष्ट, तिचं दुखणं आणि तिची अब्रू यांचाही निकाल लागतो. फक्त तो आपल्या गैरहजेरीत लागतो.

उदाहरण फार लांबचं नको. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या तलवाडा भागात मी काम करते. त्वरितादेवीचं गाव म्हणून लोक तलवाडा ओळखतात. दसरा-दिवाळी झाली की इथल्या आणि आसपासच्या तांड्या-वस्त्यांवरचे संसार ट्रक-ट्रॅक्टरवर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे हिशेबाच्या वहीत दोन जिवंत माणसांचं मिळून एक अवजार होतं, आणि त्यापुढे नाव लागतं ते नवऱ्याचं. बाईची मजुरी किती, हा प्रश्न विचारायला वहीत रकानाच नाही.

आता कामाकडे पाहू. ऊस बहुधा पुरुष तोडतो, बायकाही तोडतात. पण पाचट काढणं, ऊस गोळा करणं, वाढ्यानं मोळी बांधणं आणि ती डोक्यावर घेऊन गाडीत नेऊन टाकणं, यात बाईचा दिवस जातो. मोळी तीस-चाळीस किलोची. गाडीला टेकवलेली अरुंद फळी नाहीतर शिडी, त्यावरून साडी सावरत, तोल सांभाळत वर चढायचं. पाळी असो, दिवस गेलेले असोत, बाळंतपणाला महिना झालेला नसो, फळी तीच.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली. तेव्हापासून कारखान्यांची यंत्रं कितीदा बदलली! साखरेबरोबर वीज आली, इथेनॉल आलं, वजनकाट्यावर संगणक आले. फळी मात्र आहे तशीच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ होतं. माणसाला इजा होईल इतकं वजन उचलायला लावू नये, असं ते सांगत होतं. पण तो कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबत होता. ऊस फाटकाच्या आत येतो, तो डोक्यावर वाहणारी बाई बाहेरच राहते.

याची किंमत आपल्या जिल्ह्यानं जगाला दाखवली आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं होतं. म्हणजे साधारण सहा जणींत एक. यात खासगी डॉक्टरांचा लोभ आहे, कॅन्सरची भीती घालणं आहे, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो ही धास्ती आहे. फडात ना संडास, ना आडोसा, ना धुवायला पाणी, हेही आहे. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. मोळी लहान केली नाही, फळी बदलली नाही, फिरता संडास उभा केला नाही. ज्या ज्या वस्तू बदलता आल्या असत्या त्या सगळ्या तशाच ठेवल्या, आणि बाईचं शरीर बदलून घेतलं.

यावर उत्तर तयार असतं : 'आता यंत्र येतंय, प्रश्नच मिटेल.' यंत्र येतंय हे खरं आहे. २०२३ मध्ये सरकारनं ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीला जास्तीत जास्त ३५ लाख रुपयांचं अनुदान जाहीर केलं. यंत्र घेणार भांडवलवाला. कष्ट जातील, त्यांच्याबरोबर मजुरीही जाईल, आणि तलवाड्याच्या बाईनं त्यानंतर काय करायचं हे कुणी सांगत नाही. तिला कामावरून काढणाऱ्या यंत्रासाठी लाखांनी पैसा निघतो. ती काम करतेय तोवर तिला चढायला धड पायरी करून द्यावी, एवढा विचार मात्र कुणाच्या टेबलावर येत नाही. हा पैशांचा प्रश्न आहे असं कुणी सांगू नये.

अवजार हा चळवळीचा विषय होऊ शकतो का? झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मजुरांना अगदी आखूड दांड्याचं खुरपं दिलं जाई. दिवसभर कमरेत वाकून काम करावं लागे आणि ऐन उमेदीत पाठी कायमच्या जात. लांब दांडा दिला तर काम नीट होणार नाही, असं मळेवाले सांगत. खरं कारण असं, की मजूर ताठ उभा दिसला म्हणजे तो काम करत नाही हे मुकादमाला लांबूनच कळे. शेतमजुरांच्या बाजूनं वकील कोर्टात लढले आणि १९७५ मध्ये त्या आखूड दांड्यावर बंदी आली. पुढे लांब दांड्यानंही शेती व्यवस्थित चालली. वीतभर लाकडाचा प्रश्न वाटला तरी तो शेवटी माणूस वाकलेला राहावा की उभा, याचा प्रश्न होता.

आपल्याकडेही हे जमत नाही असं नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं मक्याचे दाणे काढण्यासाठी हातात धरायची एक साधी नळी केली. कणीस आत घालून फिरवलं की दाणे सुटतात, बोटं सोलपटत नाहीत. पुरुष आणि बाई यांच्या हाताचं माप, ताकद, उंची वेगळी असते, हे धरून अवजारं करण्याचं शास्त्रही या देशात आहे. ते उसाच्या फडापर्यंत का पोचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

आणखी मागे जाऊ. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर फिरून या दोघांना सगळ्यात सुंदर वाटलेली वस्तू कोणती? आपला साधा लोटा, तांब्या! असा लोटा नव्यानं करायचा तर काय काय विचारावं लागेल, याची त्यांनी लांबलचक यादी दिली. त्या यादीत हेही होतं, की तो ज्या हातात जाणार तो हात केवढा, त्यात ताकद किती, आणि तो बाईचा आहे की पुरुषाचा. म्हणजे डिझाइनच्या शिक्षणाचा आपल्याकडे पाया घातला गेला तेव्हाच हा प्रश्न कागदावर होता. कागदावरून तो खाली उतरला नाही. आणि तोच लोटा घेऊन पहाटेच्या अंधारात बाई किती लांब जाते, हे तर त्या यादीतही नव्हतं.

बायकांसाठी म्हणून ज्या नव्या वस्तू निघतात, त्यांचंही एकदा पाहा. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ती भयंकर घटना घडली. त्यानंतर २०१३ मध्ये चेन्नईच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी अंगाला हात लावणाऱ्याला विजेचा झटका देणारं अंतर्वस्त्र तयार केलं. मोठं कौतुक झालं. मुलांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हल्ला करणार पुरुष, आणि तार गुंडाळून घ्यायची बाईनं! रस्त्यावरचा दिवा, रात्रीची बस, तक्रार लिहून घेणारं पोलीस ठाणं यांची फेररचना कुणाला सुचली नाही. सुचली ती पुन्हा बाईच्या अंगावरची वस्तू.

चित्रांचंही तसंच आहे. सत्तरीच्या दशकात गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण होता आणि शेजारी आई, बाप, मुलगा, मुलगी असे चार हसरे चेहरे. चित्र म्हणून ते पक्कं होतं. अक्षर न येणाऱ्या माणसालाही एका नजरेत कळायचं. पण चित्रात नवरा-बायको शेजारी शेजारी, आणि ऑपरेशनच्या टेबलावर? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के. चित्र खोटं बोललं नाही, त्यानं अर्धंच सांगितलं.

मग गर्भलिंगनिदानाविरुद्धची पोस्टरं आली. ती गरजेची होतीच. बीड जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, त्या २०११ मध्ये ८०७ वर आल्या. पण चित्रं कोणती काढली? पोटातलं बाळ हात जोडून आईला विनवतंय, मला मारू नकोस. गळ्यावर सुरी, रक्ताचे थेंब. नाहीतर प्रश्न विचारलेला, की मुली संपल्या तर तुमच्या मुलाला बायको कुठून आणाल? असं एक पोस्टर आमच्या गटाच्या बैठकीत मध्यभागी ठेवलं. पाठीमागून एक मावशी म्हणाल्या, "ह्यात बाई कुठाय?" खरंच नव्हती. नुसतं पोट होतं. दुसरी म्हणाली, "मारणारी मीच व्हय? सासू, नवरा, डागदर कुठं गेले?"

या दोन वाक्यांत त्या पोस्टराचा सगळा पंचनामा झाला. सोनोग्राफीचं यंत्र नाही, पैसे घेणारा डॉक्टर नाही, वारस मागणारं घर नाही. गुन्हेगार एकच, आई. वर गर्भपात म्हणजे खून, असं चित्रानं ठसवलं. १९७१ च्या कायद्यानं गर्भपात ठरावीक अटींवर कायदेशीर केला. आज दवाखान्यात गर्भपाताचं नाव काढलं तरी माणसं दचकतात. त्या दचकण्यात या चित्रांचा वाटा आहे. आणि मुलगी हवी कशाला, तर कुणाची तरी बायको व्हायला, हे आपल्याच बाजूच्या पोस्टरांनी शिकवलं!

याउलट काय होऊ शकतं? राजस्थानात महिला विकास कार्यक्रमातल्या खेड्यातल्या पंचाहत्तर बायकांनी मिळून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक तयार केलं. दिल्लीच्या 'काली फॉर विमेन'नं ते १९८९ मध्ये छापलं. शरीराची माहिती द्यायला सुरुवातीला उघड्या बाईचं चित्र होतं. गावातल्या बायका म्हणाल्या, अशी उघडी बाई आमच्या गावात दिसत नाही, हे खोटं आहे. मग त्यांनीच उपाय काढला. चित्रातली बाई घागरा-ओढणीत, आणि घागऱ्याचा कागद वर उचलला की आतलं शरीर दिसतं. लाज राखली आणि माहितीही लपवली नाही. याहून हुशार रचना मी कोणत्याही प्रदर्शनात पाहिलेली नाही.

आपल्या घरातली चुंबळ घ्या. जुन्या लुगड्याचा पीळ, डोक्यावर गोल बसवलेला. भार सगळ्या डोक्यावर वाटला जातो, घागर डुगडुगत नाही, काम झालं की तोच कपडा घाम पुसायला. तिला पेटंट नाही, पारितोषिक नाही, करणारीचं नाव नाही. बायकांना डिझाइन येतं. पण त्यांना दिलेल्या ओझ्याखाली जगण्यापुरतंच ते वापरू दिलं जातं. ओझं किती असावं हे ठरवायला कुणी बोलावत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या पैशातून चढायला रुंद, कठडा असलेली पायरी, मोळीच्या वजनाला मर्यादा आणि फडावर फिरते संडास मिळावेत. त्यांचे नमुने आधी बायकांनी हंगामात वापरून पाहावेत आणि मगच पक्के व्हावेत. मुंबई आयआयटीमध्ये १९६९ पासून डिझाइनचं शिक्षण चालू आहे. तिथे शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटलेलं रुपयाचं चिन्ह २०१० पासून देशभर चालतं. अशा संस्थांतल्या मुलामुलींनी फडात यावं, कोयता कुणाचा हे नवऱ्याला विचारून परत जाऊ नये, आणि बाईचा दिवस घेतला तर तिची मजुरी द्यावी. मुकादमाच्या वहीत बाईच्या नावाचा वेगळा रकाना हवा. वही हीसुद्धा घडवलेलीच वस्तू आहे, ती बदलता येते.

आणि आपल्या संघटनांसाठी एक नियम. पोस्टर छापखान्यात जाण्याआधी ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांच्यापुढे मांडायचं, आणि विचारायचं, ह्यात बाई कुठाय? उत्तर आलं नाही, तर ते पोस्टर छापायचं नाही, मग चित्रकार कितीही मोठा असो.