गॅरेजमधून : सहा फुटांची शिरोरेखा

"अहो, तुमच्याकडे ते लाकूड कोरायचं मशीन आहे ना? मग मंडळाची पाटी करून द्या की!" गणपतीला दोन महिने असताना अध्यक्षांचा फोन आला आणि मी "हो, त्यात काय!" म्हणून मोकळा झालो. फुशारकी अंगाशी येते ती अशी.

मंडळी, पाटी हवी होती ६ फूट लांब, १६ इंच रुंद. शब्द दोनच : महाराष्ट्र मंडळ. माझ्या सीएनसी राउटरचं टेबल जेमतेम अडीच फुटांचं, आणि ज्या सॉफ्टवेअरवर मी आराखडा करतो त्याची मर्यादा २५ इंच. त्यापुढे ते एक रेघ मारू देत नाही. मोठी आवृत्ती घ्यावी तर किंमत जवळजवळ दुप्पट. शिवाय तेवढ्याने टेबल काही लांब होत नाही.

उपाय सोपा वाटला. ७२ इंचांचे २४-२४ चे तीन भाग, तीन फायली. एक भाग कोरून झाला की फळी २४ इंच पुढे सरकवायची. इंग्रजी पाटी मी पूर्वी अशीच केली होती. ती अक्षरं सुटी उभी असतात, मधल्या फटीत जोड घेतला की झालं. आपल्याकडे मात्र शब्दभर शिरोरेखा! शब्दाच्या मध्ये जोड आला की ती कापली जाणारच.

पाईनच्या टाकाऊ फळीवर पहिला प्रयत्न केला. तो पाहून सौ. म्हणाली, "महा आणि राष्ट्र असे दोन शब्द आहेत का हे?" जोडापाशी शिरोरेखेत लाकडाचा उंचवटा राहिला होता आणि पुढची रेघ मिलिमीटरभर खाली उतरली होती. कमिटीतले एक जण म्हणाले, "शिरोरेखा काढूनच टाका, कोण बघतंय?" पण रविवारच्या मराठी शाळेतली मुलं याच पाटीखालून आत जाणार. त्यांना आपण वहीत शिरोरेखा द्यायला लावतो, आणि दारावर मात्र नाही? ते काही मनाला पटेना.

मग कारणं शोधायला बसलो. व्ही आकाराचं बिट रेघ जितकी रुंद तितकं खोल जातं. पाऊण इंच रुंद शिरोरेखेत ६० अंशांचं बिट सुमारे ०.६५ इंच उतरतं. पण रेघ संपते तिथे टोकाचे कोपरे नीट यावेत म्हणून ते हळूहळू वर येतं. मी शिरोरेखा कापली, सॉफ्टवेअरला वाटलं रेघ संपली! दोन्ही भागांत बिट जोडापाशी वर आलं आणि मध्ये लाकूड तसंच राहिलं. म्हणून दोन्ही फायलींत रेघ जोडाच्या अर्धा इंच पलीकडे नेली. टोकाचा उतार रुंदीच्या निम्मा, म्हणजे ३/८ इंच. तो दुसऱ्या भागाच्या खोल खाचेत नाहीसा होतो. २४ आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा, बरोबर २५!

रेघ खाली उतरली ती फळी सरकवताना. आता टेबलावर एक लाकडी पट्टी ठोकली आणि तिची कड मशीननेच कापून घेतली, म्हणजे ती मशीनच्या चालीशी समांतर झाली. फळी तिला टेकवून सरकवायची. फळीच्या कडेला, नंतर कापून टाकायच्या भागात, मशीननेच २४-२४ इंचांवर पाव इंची भोकं पाडली. दुसरं भोक पहिल्याच्या जागी आलं की त्यातून खालच्या टेबलात खुंटी बसवायची. खोलीचा शून्य मात्र दर वेळी नीट तपासावा लागतो. तिथे १ मिलिमीटर चुकला तर रेघेची रुंदी १.१५ मिलिमीटरने बदलते, आणि ते डोळ्यांना लगेच दिसतं.

आणखी एक. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये "ष्ट्र" टाईप केलं की त्याचे तुकडे होतात. म्हणून शब्द दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जुळवून त्यांच्या बाह्यरेषा करून आणल्या. प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. त्या सगळ्या एकत्र जोडून सलग एक आकृती करावी लागते, नाहीतर बिट आतल्या रेषाही कोरत बसतं. शेवटी अक्षरांमधलं अंतर थोडं कमी-जास्त करून पहिला जोड "हा" आणि "रा" यांच्यामध्ये आणला, जिथे फक्त शिरोरेखाच आडवी जाते. दुसरा दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत.

एवढ्या खटाटोपातून शिकलो ते एकच : मोठं काम तुकड्यांत करायला हरकत नाही, पण जोड कुठे येणार हे कागदावर आधी ठरवावं.

सीडरची पाटी गणपतीच्या आदल्या दिवशी लागली. मराठी शाळेच्या बाई स्टुलावर चढल्या, शिरोरेखेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "जोड आहे म्हणत होतात, तो कुठाय?" मी काही सांगितलं नाही.

कुणाला घराची पाटी करायची असेल तर जरूर या. चहा माझा, लाकूड तुमचं!