करारनाम्याची मागची बाजू

शब्दांची ओढाताण पाहायची असेल, तर मराठीच्या मास्तरांच्या वर्गात बसण्याचे कारण नाही. एखाद्या यंत्राच्या खरेदीचा करारनामा उलटून पाहावा. पुढे ठळक अक्षरांत यंत्राचे गुणगान. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत, ते बिघडल्यास आम्ही काय काय देणार नाही, याची यादी!

मुलांच्या हातातली रंगीत प्लॅस्टिसिन वाचकांना ठाऊक असेलच. इंग्लंडात बाथजवळ हारबट यांच्या कारखान्यात ती तयार होई. १९६३ साली तिथे मेण वितळवून नळांतून नेणारी यंत्रणा एका कंपनीने बसवून दिली. नळ प्लॅस्टिकचे! चाचणीपूर्वी यंत्रणा रात्रभर तापत ठेवली. राखणीला कोणी नाही. नळ उष्णतेने वाकले, मेण पेटले आणि कारखाना खाक झाला. यंत्रणेची किंमत २,३३० पौंड; नुकसान लाख पौंडांहून अधिक; आणि करारात लिहिलेले, की आमची जबाबदारी किमतीपुरतीच!

१९७० साली लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरती भरपाई देवविली. करार मुळापासूनच मोडला, तेव्हा त्यातले जबाबदारी टाळणारे कलमही गेले, असा त्यांचा युक्तिवाद. निकाल मनाला पटतो, पण तर्क लंगडा. १९८० साली फोटो प्रॉडक्शन विरुद्ध सिक्युरिकॉर या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो मोडीत काढला. व्यापाऱ्यांनी जोखीम कशी वाटून घेतली, हे त्यांच्याच शब्दांवरून ठरवावे, असे सांगितले. मात्र तोवर १९७७ चा कायदा आला होता. छापील अट रास्त आहे काय, हे न्यायाधीश आता उघड विचारू शकत होते. शब्दांचा छळ करण्यापेक्षा हा सरळ प्रश्न केव्हाही बरा.

आपल्याकडे? १९३० च्या मालविक्री कायद्याचे १६ वे कलम म्हणते, गिऱ्हाईक विक्रेत्यावर विसंबून काम सांगत असेल, तर माल त्या कामाला योग्य हवा. ६२ वे कलम म्हणते, उभयतांनी ठरवल्यास हा हक्क सोडता येतो! १९९६ साली भारती निटिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सही केलेल्या कागदावरची १०० डॉलरांची मर्यादा कायम ठेवली. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अन्याय्य करारांवर इलाज आहे. पण स्वतःच्या चरितार्थापलीकडे, निव्वळ व्यापारासाठी यंत्र घेणाऱ्याला तो दरवाजा बंद.

माझा एक जुना विद्यार्थी छोटा कारखाना काढतो आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर यंत्र यायचे. ‘अप्रत्यक्ष नुकसान’ म्हणजे काय, हे विचारायला तो करारनामा घेऊन आला. त्या दोन शब्दांत यंत्र बंद पडल्यावर बुडणारा धंदा, कामगारांचा पगार, कर्जाचा हप्ता, सारे गडप होऊ शकते. मी म्हटले, “मर्यादा वाढवून माग. नाहीच दिली, तर विमा उतरव. पण सही त्यानंतर.”

“सर, ते ऐकतील?”

“सही होईपर्यंत ऐकतात रे. नंतर ऐकवतात!”