आवाज फक्त भोंग्याचाच असतो का?

आवाजाच्या त्रासाचा विषय निघाला की चर्चा दोनच ठिकाणी जाऊन थांबते : मशिदीचा भोंगा आणि मिरवणुकीतला डीजे. 2022च्या भोंग्यांच्या वादात तर डेसिबल हा शब्द आमच्या हट्ट्याच्या चहाच्या टपरीपर्यंत आला. कायदा सगळ्यांनी पाळावा, अजानही त्याला अपवाद नाही. पण बाराही महिने, रात्रंदिवस घरात शिरणारा रस्त्याचा आवाज मोजा, असं कुणीच म्हणत नाही.

हा आवाज हॉर्नचा आणि इंजिनाचा, असं आपण समजतो. तेवढंच खरं नाही. मोटारीचा वेग साधारण ताशी 40-50 किलोमीटरच्या पुढे गेला, की इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज मोठा होतो. डांबर उडून खडी उघडी पडली की तो आणखी वाढतो. खड्ड्यांचं गणित वेगळं. तिथे गाडी आदळते, ब्रेक लागतो, मग गिअर बदलून पुन्हा रेस केली जाते.

आपल्या वसमत तालुक्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया कच्चा असेल, पाणी काढून द्यायला नाली नसेल, तर वरचा थर फाटतोच. त्यावरून हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. भरलेली ट्रॉली रस्ता खचवते. तीच रिकामी होऊन परतताना खड्ड्यात आदळते तेव्हा तिचे फाळके आणि साखळ्या गल्ली जागी करतात. पाळण्यातलं लेकरू, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, आजारी म्हातारा, कुणाचीच झोप पुरी होत नाही.

ध्वनिप्रदूषणाचे 2000चे नियम निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात. ही मर्यादा त्या भागातल्या एकूण आवाजाची आहे. मग भोंग्याजवळ नेलेलं यंत्र रस्त्याकडेच्या घरासमोर का आणू नये?

नेदरलँड्सच्या महामार्गांवर सच्छिद्र डांबर वापरतात, त्याच्या पोकळ्यांत आवाज मुरतो. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या चाकांच्या चिखलाने ती छिद्रं लवकरच बुजतील. आपली गरज साधी आहे. कडेला नाली हवी. खड्डा आजूबाजूच्या रस्त्याच्या पातळीत बुजवावा, कारण वर आलेलं ठिगळ हाही धक्काच. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढेल आणि वेगाबरोबर आवाजही, हे मान्य. म्हणून गतिरोधक हवेतच. पण नीट उताराचे, आणि शाळा-दवाखान्याच्या भिंतीला अगदी खेटून नकोत.

रस्त्याचं काम झाल्यावर ठरावीक काळ दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदाराची असते. ती मुदत कधी संपते, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. तो कागद मागायला हिंदू-मुसलमान दोघांनी मिळून जावं. झोप दोघांचीही मोडते.