मुका मार

आपल्याकडे माराचे दोन प्रकार मानले जातात. रक्त आले तो मार आणि रक्त आले नाही तो मुका मार. रक्त दिसले की चार जण हळद शोधायला धावतात, टाके पडले की आळीभर चौकशी होते. मुक्या माराच्या वाट्याला फार तर 'चोळून टाक, काही होत नाही' एवढेच येते. गुडघ्याच्या किंवा पोटरीच्या बाबतीत हे चालून जाते. डोक्याच्या बाबतीत मात्र चालत नाही, आणि शाळांच्या मैदानांवर आपण नेमके तेच चालवून घेत आहोत.

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही शाळेचे मैदान डोळ्यांपुढे आणा. तालुका पातळीवरचे सामने सुरू आहेत. खाली हिरवळ नाही, दाबून बसवलेला मुरूम आहे. उंच आलेल्या चेंडूवर दोन मुले एकदम उडी घेतात, कपाळावर कपाळ आदळते आणि एक जण मागच्या मागे पडतो. सामना थांबतो. सर धावत येतात, तोंडावर पाणी मारतात, दोन बोटे नाचवून 'किती?' म्हणून विचारतात. मुलगा 'दोन' म्हणतो. टाळ्या पडतात आणि सामना पुढे सुरू होतो. यात कोणाचा दुष्टावा नसतो. सरांचा मुलावर जीव असतो, मुलाचा खेळावर असतो. पण दोन बोटे मोजता आली म्हणजे मेंदू ठीक आहे, हे कोणी ठरवले?

फुटबॉल हा आपल्या भागाचा जुना खेळ नव्हे. त्याचे माहेर कोल्हापूर. तिथल्या पेठांतून, तालमींतून तो पिढ्यानपिढ्या खेळला जातो आणि तिथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' म्हणून महाराष्ट्रभरच्या शाळांतील मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावले. उपक्रम चांगलाच होता. चेंडू गावोगाव पोचला. डोक्याला लागले तर काय करायचे, याची माहिती मात्र त्याच्याबरोबर पोचली नाही. अर्थात दोष एकट्या फुटबॉलचा नाही. आपल्या मातीतल्या कबड्डीतही चढाईपटूची पकड होते तेव्हा तिघांचे वजन अंगावर घेऊन तो पडतो, आणि जमिनीला आधी काय लागेल ते त्याच्या हाती नसते.

डॉक्टर ज्याला 'कन्कशन' म्हणतात ती इजा समजायला सोपी आहे. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके एकदम थांबले किंवा गरकन फिरले की आतला मेंदू हिसकतो. रक्तस्राव होत नाही, हाड मोडत नाही, पण मेंदूतील पेशींचे काम काही काळ विस्कटते. म्हणूनच सीटी स्कॅन अनेकदा अगदी स्वच्छ येतो आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. शुद्ध हरपायलाच हवी असेही नाही. बहुतेक वेळा ती हरपतच नाही. डोके दुखते, मळमळते, उजेड सोसत नाही, मूल एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारते किंवा नुसतेच गप्प बसते. यातले काही तर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दिसू लागते.

ज्याला लागले आहे, तो आपल्या दुखापतीचा विश्वासू साक्षीदार नसतो. १३ जुलै २०१४ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना होता. जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या चेहऱ्यावर प्रतिस्पर्ध्याचा खांदा आदळला. तो उठला आणि सुमारे १४ मिनिटे खेळत राहिला. मग त्याने पंचांनाच विचारले, हा अंतिम सामनाच आहे ना? पंचांनी ती गोष्ट त्याच्या सहकाऱ्याच्या कानावर घातली, तेव्हा कुठे त्याला बाहेर काढले. हाताशी डॉक्टरांचा ताफा आणि जगभरचे कॅमेरे रोखलेले असताना हे घडले. आपल्या मैदानावर तर बहुधा एक सर, एक शिट्टी आणि एक पाण्याची कळशी असते.

मोठ्यांचे मनही या बाबतीत लवकर तयार होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-ट्वेंटी सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तो डाव संपेपर्यंत खेळला आणि नंतर त्याच्या जागी युजवेंद्र चहल उतरला. नियम २०१९ पासून होता, तरी ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षकांनी सामनाधिकाऱ्यांशी वाद घातला. चहलने तीन बळी घेऊन सामना फिरवल्यावर तर आपल्या नाक्यानाक्यावर 'बरी युक्ती काढली' म्हणून हसणारे भेटले. डोक्याचा मार युक्ती वाटावा, इतका तो मुका असतो. त्याच क्रिकेटमध्ये रमण लांबाचे काय झाले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्याला फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय क्षेत्ररक्षण करताना त्याच्या डोक्याला चेंडू लागला. तो स्वत:च्या पायांनी मैदानाबाहेर गेला. तीन दिवसांनी तो या जगात नव्हता. त्याला झाला तो आतला रक्तस्राव, साधे कन्कशन नव्हे. पण पहिल्या काही मिनिटांत मैदानावरच्या माणसाला या दोहोंतला फरक कळत नाही. मुलाला ताबडतोब बाहेर काढायचे ते म्हणूनच.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदू झपाट्याने सुजू शकतो. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा हाती काही राहत नाही. कॅनडातील ओटावा शहरात २०१३ च्या मे महिन्यात रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची शाळकरी मुलगी अशीच गेली. ती रग्बी खेळत होती आणि काही दिवसांत तिच्या डोक्याला एकापेक्षा अधिक वेळा मार बसला होता. आपल्याला कन्कशन झाले असावे, हे तिने मैत्रिणींना कळवले होते. घरी सांगितले नव्हते. त्यानंतर २०१८ मध्ये तिथल्या ओंटारिओ प्रांताने तिच्या नावाने कायदा केला.

घरी न सांगणे हे काही कॅनडातच घडते असे नाही. जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची आहे, दहावीला सवलतीचे क्रीडागुण मिळायचे आहेत, पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या आरक्षणाची आशा आहे. अशा मुलाला 'डोके दुखते का?' असे विचारले तर तो काय उत्तर देणार? मुली तर आणखीच बोलत नाहीत. 'म्हणूनच सांगत होते, खेळू नकोस' हे ऐकावे लागेल अशी त्यांना भीती असते. तेव्हा हा निर्णय मुलावर सोडणे म्हणजे त्याला खोटे बोलायला लावणे आहे. तो सामना जिंकायला निघालेल्या प्रशिक्षकावरही सोडू नये. तालुक्याच्या स्पर्धेत एवढा एकच नियम लिहून ठेवावा: डोक्याला मार बसल्याची शंका आली की खेळाडू त्या दिवसापुरता बाहेर, आणि त्याच्या जागी येणारा गडी बदली खेळाडूंच्या हिशेबात धरायचा नाही. फुटबॉलच्या जागतिक नियमांत अशा जादा बदलीला २०२४ पासून कायमची मुभा आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाला यासाठी एक परिपत्रक पुरेल, पैसा लागणार नाही.

मग खेळायचे कधी? घाई नको आणि अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडणेही नको. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल जवळजवळ बंद, घरातल्या घरात हिंडणे-फिरणे चालेल. त्यानंतर आधी शाळा, मग मैदान. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो: मुलगा तिसऱ्या दिवशी सरावाला हजर आणि गणिताच्या तासाला डोके धरून बसलेला, वर 'खेळून खेळून अभ्यासातून उठला' हा शेरा. शाळेत बसणे सोसू लागले की चालणे, मग हलके धावणे, मग एकट्याने चेंडू घेऊन सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यायचा, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे यायचे. धक्काबुक्कीचा सराव डॉक्टरांनी 'हो' म्हटल्यावरच. ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळाडूंसाठी काढलेल्या सूचनांनुसार २१ दिवसांच्या आत सामना खेळायचा नाही. आपल्या घरांत याला एक जोड हवी. इथे मूल फक्त मैदानावर पडत नाही. ते गाडीवर दूध घालायला जाते, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसते, वैरणीचा भारा डोक्यावर घेते. ती कामेही तेवढे दिवस दुसऱ्याने करावीत.

लहानांच्या बाबतीत काही देश आणखी पुढे गेले आहेत. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास बंदी करण्याचा निर्णय घेतला, तर २०२० मध्ये इंग्लंडने प्राथमिक शाळेच्या वयात त्याचा सरावच थांबवला. हे आपल्याकडे आजपासून करता येईल. चौथीतल्या पोराने हेडर मारला नाही म्हणून शाळेचे नाव बुडत नाही.

शिरूर असो की दौंड, मेंदूच्या शस्त्रक्रियेची मोठी सोय असलेले पुणे पाऊणशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे, आणि वाटेतल्या गर्दीचा हिशेब वेगळा. त्यामुळे पुन:पुन्हा उलट्या, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, हातापायांतली शक्ती कमी होणे, डोळ्यांची एक बाहुली मोठी दिसणे, बोलणे अडखळणे किंवा हाक मारूनही जाग न येणे, यातले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहायची नाही. मानेला लागले असेल तर दोघांच्या मधे मोटारसायकलवर बसवून नेणेही नको. १०८ ला फोन करून मुलाला आहे तसे पडू द्यावे. असे काही नसले तरी पहिल्या रात्री मुलाला एकटे झोपवू नये. पण त्यासाठी घरच्यांना आधी कळायला हवे, की दुपारी शाळेत त्याच्या डोक्याला लागले होते. ते मूल सांगणार नाही. सरांनी दप्तरात चार ओळींची चिठ्ठी घालावी, किंवा त्याहून बरे म्हणजे संध्याकाळी स्वत: घरी एक फोन करावा.